वाफ कुठे जात होती

मी बावीस वर्षांचा असताना मला दोनशे बायांसमोर रुईच्या गाठीवर उभं केलं, डोक्यावर कोळशाचं टोपलं ठेवलं आणि तीनदा ओरडायला लावलं, "मी झोपतो म्हणून जिन बंद पडतं."

पहिल्यांदा माझा आवाज फुटला नाही. मॅनेजर म्हणाला, "मोठ्यानं." दुसऱ्यांदा बाया हसल्या. तिसऱ्यांदा मात्र कोणी हसलं नाही, आणि ते जास्त लागलं. मॅनेजरच्या शेजारी बॉयलरचा मिस्त्री खाली मान घालून उभा होता. माझं नाव त्यानंच दिलं होतं. टोपल्यातली कोळशाची भुकटी घामाबरोबर डोळ्यांत उतरली होती, तरी त्या दोघांचे चेहरे मी नीट पाहून ठेवले.

हे जिन, म्हणजे कापसाची रुई करणारा कारखाना, नांदुऱ्याकडच्या बाजूला होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलेला होता आणि सरकारी कागद नागपूरहून यायचे. आमचं घर वडनेर भोलजीचं. वडील वांगी-मिरची लावायचे. मी चार बुकं शिकलो आणि हंगामापुरता जिनात आगवाला म्हणून लागलो. आगवाला म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारा. बॉयलर म्हणजे विटांच्या ओट्यात अर्धवट पुरलेलं आडवं लोखंडी पिंप, आत बैलगाडी उभी राहील एवढं. त्याच्या पोटातून दोन मोठे नळ गेलेले आणि त्यांच्या तोंडाशी भट्ट्या. त्यातल्या वाफेवर इंजिन चालायचं आणि इंजिनावर रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं. एकेका रेच्यापुढे एकेक बाई दिवसभर कापूस टाकत बसलेली असायची.

सकाळी भोंगा व्हायचा तेव्हा वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा ऐंशीवर असायचा. दुपार होईपर्यंत तो साठावर यायचा. मी जीव तोडून कोळसा मारायचो, तरी काटा खालीच. रेचे रेंगाळायला लागायचे, बाया ओरडायच्या, मॅनेजर धावत यायचा. "आगवाला झोपतो," मिस्त्री म्हणाला, आणि सगळा प्रश्न तिथेच मिटला.

त्याच आठवड्यात मला काढून टाकलं. जानेफळकडची एक मुलगी मला सांगून आली होती, बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. तिच्या मामानं निरोप पाठवला, "काम करता करता झोपणाऱ्याले पोरगी काऊन द्याव?" गावातली पोरं मला पाहिलं की घोरल्याचा आवाज काढायची. वडील रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "थोडा जागा राह्यत जा बापू." माझ्या बापानंसुद्धा त्यांचंच खरं मानलं होतं.

मी नागपूरला गेलो आणि एका कापडगिरणीच्या बॉयलरखान्यात लागलो. तिथे सहा बॉयलर होते आणि त्यांच्यावर एक म्हातारा मुकादम. त्यानं मला शिकवलं. बॉयलरला तोंड नसतं, पण तो खोटं बोलत नाही, हे त्याच्याच हाताखाली कळलं. वाफ कमी पडते याचं कारण चार-पाच ठिकाणीच असतं, आणि ती ठिकाणं ओळीनं पाहिली तर चोर सापडतोच. सात वर्षांत मी बॉयलर चालवण्याचं सरकारी सर्टिफिकेट मिळवलं. लोक विचारायचे, एवढा कशासाठी राबतो? मी सांगायचो, पोटासाठी. खरं म्हणजे दुपारी काटा जरा खाली सरकला की मला ते दोन चेहरे दिसायचे.

आणि एक दिवस आमच्या गिरणीच्या इंजिनीअरसाहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात पत्र होतं. वऱ्हाडातल्या एका जिनात बॉयलरची वाफ टिकत नाही, चार आगवाले बदलून झाले, ऐन हंगाम चालू आहे, तरी कोणी जाणता माणूस आठ दिवसांसाठी मिळेल काय, अशी विनंती होती. खाली सही त्याच मॅनेजरची.

"तू तिकडचाच ना? जातोस?"

"जातो," मी म्हणालो. हसू दाबायला मला ओठ चावावा लागला.

मॅनेजरनं मला ओळखलं नाही. तो मालकांचा भाचा होता, मुंबईला शिकलेला. अंग सुटलं होतं, पण बोलणं तसंच खणखणीत. त्यानं माझ्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला. गाठीवर उभा केलेला तो काळा पोरगा त्याच्या लेखी माणूसच नव्हता, मग चेहरा कशाला लक्षात राहील? तो म्हणाला, "आमचे मिस्त्री जुने आहेत, पण आता त्यांचं डोकं चालत नाही. आगवाले तर सगळे आळशी. तुम्हीच बघा काय ते."

मिस्त्रीनं मला बॉयलरखान्याच्या दारातच ओळखलं. तो चिंधीनं हात पुसत होता, तो हात तसाच थांबला. मी म्हणालो, "राम राम, मिस्त्री." तो म्हणाला, "राम राम, साहेब." साहेब! त्या एका शब्दानं माझ्या अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं झालं.

पहिल्या दिवशी मी रीतीप्रमाणे कामाला लागलो. आधी घड्याळ. कधीकधी घड्याळच खोटं दाखवतं आणि वाफ जागेवर असते. नागपूरहून मी एक पारखलेलं घड्याळ बरोबर आणलं होतं, ते जोडून पाहिलं. दोन्ही काटे सारखे. मग आग. आगवाल्याला बाजूला करून मी स्वतः बेलचा, म्हणजे कोळशाचं फावडं, हातात घेतला आणि दोन तास भट्ट्या सांभाळल्या. पातळ थर, दार उघडं कमीत कमी वेळ, जाळ पांढरा. तरी काटा सत्तरावर, मग पासष्टावर. तो आगवाला भिंतीला टेकून पाहत होता. मी त्याला ऐकू जाईल असं मिस्त्रीला म्हणालो, "ह्याची काही चूक नाही. लिहून ठेवा." मिस्त्रीनं मान हलवली.

त्यानंतर वर चढून सेफ्टी व्हॉल्व पाहिला. जादा वाफ झाली की तो आपोआप उघडतो, पण कधी नीट बसत नाही आणि हळूहळू फुसफुसत राहतो. मी त्याच्या तोंडाशी थंड पितळेची पट्टी धरली. पट्टीवर दव आलं नाही. सगळ्या जोडांजवळ तीच पट्टी फिरवली. कोरडी. भट्ट्यांच्या नळांत वाकून पाहिलं. तिथे पाणी पाझरत असलं की मिठाचे पांढरे ओघळ दिसतात, कारण आमच्या भागातल्या पुष्कळ विहिरींचं पाणी खारं. एकही ओघळ नव्हता.

प्रत्येक वेळी मी मिस्त्रीला वर चढायला, खाली वाकायला, दिवा धरायला लावत होतो. त्याचे गुडघे कुरकुरत होते. मला ते ऐकायला आवडत होतं, हे लिहून टाकतो.

संध्याकाळी काम सुटल्यावर मी जिनाच्या मागच्या नाल्याकडे पाय मोकळे करायला गेलो. दिवस कलला होता. पाच-सहा बाया रेच्यावरून सुटून तिथे हातपाय धूत होत्या. त्यांच्यातली एक वयस्क विधवा मला सात वर्षांपूर्वीपासून ठाऊक होती. बायांत तिचा शब्द चाले. तिनं मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तू तो गाठीवर उभा केलेला आगवाला तं नाही?"

"हाव मावशी, तोच."

"मले वाटलंच. लय वाईट केलतं तुह्यासंगं." मग हात पाण्यात बुडवत ती सहज म्हणाली, "ये, पाय धू. मस्त कोमट पाणी आहे. जिन चालू असलं का इथं गरम येते. आमच्या थंडीची सोयच आहे ते."

मी खाली बसलो. मोरीच्या तोंडाशी हात धरला. पाणी कोमट होतं आणि तिथले दगड मिठानं पांढरे पडले होते.

"कधीपासून येते मावशी गरम?"

"झाले की आठ-दहा साल."

एवढंच होतं तर. बॉयलरच्या तळाला एक नळ असतो. खाली साचलेला गाळ अधूनमधून काढून टाकण्यासाठी तो एका खड्ड्यात उतरवलेला असतो आणि तिथून मोरीत जातो. त्या खड्ड्यावर फरशी होती, आणि मी आगवाला असताना मिस्त्रीनं मला रोज सांगितलं होतं, कोळसा त्या फरशीवरच टाकायचा, दुसरीकडे नाही. त्या फरशीखाली नळ फुटलेला होता. उकळतं पाणी जमिनीतल्या जमिनीत मोरीकडे चाललं होतं. जेवढं जाई तेवढं गार पाणी पंप आत ढकली, आणि गार पाणी आत आलं की वाफ पडे. मी आणखी शंभर टोपली कोळसा मारला असता तरी काटा वर राहिला नसता. दोनशे बायांना आठ-दहा वर्षं ठाऊक होतं की पाणी गरम येतं. कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

आता जे सांगतो ते मी फार कमी लोकांना सांगितलं आहे.

त्याच संध्याकाळी मॅनेजरकडे जाऊन मी सांगू शकलो असतो. त्यानं आग काढली असती, रविवारी गुपचूप नळ बदलला असता, मला शाल-नारळ दिला असता. मला शाल नको होती. बॉयलर तपासणारे सरकारी इन्स्पेक्टरसाहेब त्या आठवड्यात खामगावला दौऱ्यावर आहेत, हे मी नागपूरहून निघतानाच शोधून ठेवलं होतं. मी स्टेशनवर गेलो आणि तार केली. चालू बॉयलर, तळाचा नळ फुटलेला, तातडीनं यावं. बॉयलर चालू असतानाच तो त्यांच्या नजरेला पडावा, बाया हजर असाव्यात, मॅनेजर हजर असावा, असं मला हवं होतं. रात्रीच साहेबांचं उत्तर आलं, परवा सकाळी येतो. म्हणजे मधला एक अख्खा दिवस बॉयलर चालू ठेवायचा. मी तो चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रेचे थांबले तेव्हा मी शेवटची परीक्षा केली. तिची गरज नव्हती. ती मिस्त्रीसाठी होती. इंजिनाकडे जाणारी वाफ बंद केली, पंप बंद केला, भट्ट्यांची दारं लावली. आता बॉयलरमधून कुठे काही जायला नको. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर मी खडूनं रेघ मारली आणि मिस्त्रीला म्हणालो, "बसा." आम्ही दोघं समोरासमोर दोन डब्यांवर बसलो. अर्ध्या तासात काचेतलं पाणी रेघेच्या दोन बोटं खाली गेलं.

"वाफ वरून गेली असती तर पाणी एवढं उतरलं असतं का, मिस्त्री?"

त्यानं वाकून रेघेखालची दोन बोटं मोजली.

"मग पाणी कोठी गेलं?"

मिस्त्रीनं कोळशाच्या ढिगाकडे पाहिलं. ढीग त्या फरशीवर होता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुले कालच समजलं ना बे?"

"तुम्हाले कधी समजलं?"

"त्याच साली. तू यायच्या आंधी." त्यानं घाम पुसला. "म्या मॅनेजरले सांगतलं होतं. हात जोडून सांगतलं. तो म्हणे हंगामात बॉयलर थंडा करणार नाही. मालकाले काय सांगू, म्हणे. कोणाचं तरी नाव द्या."

"अन् तुम्ही माह्यं देलं."

"हाव."

"काऊन माह्यंच?"

"तू नवा होता," तो म्हणाला. "तुह्यासाठी भांडाले कोणी येणार नव्हतं."

सात वर्षं मी कल्पना केली होती की हा माणूस कबूल करील, रडेल, पाया पडेल, आणि मी पाय मागे घेईन. तो रडला नाही. उठला आणि बॉयलरच्या विटांवर तळहात ठेवून उभा राहिला.

"एक आयक," तो म्हणाला. "मले काय करायचं ते कर. पण वाफ आताच खाली घे. इतक्या सालाचं पाणी खालच्या पत्र्याले लागून राह्यलं. पत्रा किती राह्यला कोणाले मालूम? ह्या भिंतीच्या पल्याड बाया बसतेत."

तो बरोबर बोलत होता. मला ते त्याच्याइतकंच, कदाचित त्याच्याहून चांगलं कळत होतं.

"उद्या," मी म्हणालो.

"उद्या काऊन?"

"उद्या म्हणजे उद्या. तुम्ही सात साल थांबले, आता एक दिवस थांबा. नाहीतर आताच तुमच्या हातानं बंद करा अन् मॅनेजरले सांगा, का बंद केलं ते."

मला माहीत होतं, तो ते करू शकणार नाही. ह्या वयात त्याला दुसरीकडे कोण ठेवणार होतं?

भोंगा झाला. बाया आत आल्या. मग मिस्त्रीनं एक गोष्ट केली. तो रेच्यांच्या दालनात गेला आणि बॉयलरच्या भिंतीकडच्या ओळीतल्या रेच्यांना फिरवणारे पट्टे उतरवून ठेवले. पट्टे फाटले आहेत असं सांगून तिथल्या बायांना पलीकडच्या टोकाला सरकी भरायला लावलं. मग परत आला, आगवाल्याच्या हातातून बेलचा घेतला, जाळ अर्ध्यावर आणला आणि काटा पंचेचाळीसच्या वर जाऊ न देता दिवस बुडेपर्यंत घड्याळासमोर उभा राहिला. मॅनेजर दोनदा येऊन ओरडून गेला. मिस्त्री म्हणाला, "वाफ टिकत नाही साहेब." मी बाजूला उभा राहून पाहिलं. तेव्हा मला वाटलं, घाबरला आहे. मी हसलोसुद्धा.

तिसऱ्या दिवशीही मिस्त्रीनं काटा पंचेचाळीसच्या वर जाऊ दिला नाही. दहाच्या सुमारास इन्स्पेक्टरसाहेब आले. मराठी माणूस, बारीक, चष्मेवाला, हातात फाईल. त्यांना पाहून मॅनेजर धावत फाटकापर्यंत गेला. साहेबांनी बॉयलरखान्यात येऊन काटा पाहिला आणि विचारलं, "वाफ का पडते?"

मॅनेजर म्हणाला, "काय सांगू साहेब, आगवाले झोपतात."

मी ह्याच वाक्याची वाट पाहत होतो. मी तोवर भोंग्याची दोरी ओढून ठेवली होती. काय झालं म्हणून बाया दाराशी जमल्या होत्या. मी पुढे झालो.

"कोणता आगवाला साहेब? सात वर्षांमागं तुम्ही रुईच्या गाठीवर उभा केला होता, तो?"

मॅनेजर माझ्याकडे पाहत राहिला. आता त्याला ओळख पटली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग वरून खाली उतरत गेला, काचेतल्या पाण्यासारखा. मी आगवाल्याला कोळसा बाजूला ओढायला सांगितला. दोघांनी पहारीनं फरशी उचलली. खड्ड्यातून वाफेचा लोट आला आणि सगळे मागे सरकले. लोट विरल्यावर आत दिसलं, नळाच्या कोपऱ्याला लांब भेग आणि तिच्यातून फणफणत निघणारं पाणी.

साहेबांनी फाईल उघडली. गेल्या वर्षी त्यांनीच हुकूम दिला होता की हा खड्डा उघडून नळ बदलावा. त्याखाली मॅनेजरचं इंग्रजीतलं उत्तर जोडलेलं होतं. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, हे उत्तर मराठीतून वाचून दाखवायला सांगा त्यांना. ह्या बायांनी ऐकलं पाहिजे. त्या भिंतीपलीकडे त्याच बसतात."

साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग कागद मॅनेजरच्या हातात दिला.

तो वाचायला लागला. "खड्डा उघडून पाहिला..."

"मोठ्यानं," मी म्हणालो.

"खड्डा उघडून पाहिला. नळ बदलला. आता सर्व दुरुस्त आहे." त्याचा आवाज चिरकला. खड्ड्यातलं पाणी फणफणत होतं. मागून एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळ्या. मावशी ओरडली, "आमचं पाय धुवाचं पाणी दुरुस्त आहे बाप्पा!" तो हशा त्याच्या मानेवर पडताना मी पाहिला. आजही ते आठवलं की मला बरं वाटतं. मी म्हातारा झालो, देवळात जातो, माळ घातली आहे, पण त्या गोष्टीचा पस्तावा मला कधी झाला नाही आणि होऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

साहेबांनी जागच्या जागी हुकूम लिहिला. आग काढा, बॉयलर बंद. कापसाच्या गाड्या फाटकापासून वळून मलकापूरच्या वाटेला लागल्या. बाया हसत आल्या होत्या, त्या गप्प होऊन घरी गेल्या, कारण बॉयलर बंद म्हणजे त्यांची रोजी बंद. हे माझ्या हिशोबात नव्हतंच.

बॉयलर थंड व्हायला दोन दिवस लागले. मग पाणी सोडून दिलं, तळाच्या विटा काढल्या आणि साहेब हातोडी घेऊन खाली शिरले. पत्रा ठोकून पाहायची रीत आहे. चांगला असला की टणटण वाजतो, खाल्लेला असला की बद्द वाजतो. मी आणि मिस्त्री बाहेर उकिडवे बसून ऐकत होतो. टण, टण, टण. मग बद्द. मग बद्द. आणि नंतर आवाजच आला नाही.

"इकडे या," साहेबांनी हाक मारली.

मी सरपटत आत गेलो. हातोडीचं डोकं पत्र्यातून आरपार गेलं होतं. साहेबांनी ती हळूच ओढून काढली. भोकाच्या कडा पापडासारख्या होत्या. त्यांनी बोट लावलं तशी एक कड तुटून खाली पडली.

"परवा हा चालू होता," ते म्हणाले. "त्याच्या आदल्या दिवशी किती वाफ होती?"

"पंचेचाळीस."

"नशीब म्हणायचं. आणखी एकदा ऐंशीवर गेली असती तर ही भिंत राहिली नसती."

पंचेचाळीस मी ठेवली नव्हती. ती भिंतीकडची ओळ मी रिकामी केली नव्हती.

बाहेर आल्यावर साहेबांनी कागद मांडला आणि मला विचारलं, "हा दोष मिस्त्रीला ठाऊक होता का?"

"होता."

"त्यानं कधी बॉयलर थांबवायला सांगितलं?"

मिस्त्री दहा हातांवर उभा होता. तो माझ्याकडे न पाहता हातातली चिंधी घडी करत होता. 'तीन दिवसांमागेच त्यानं मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही,' एवढं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते बोललो असतो तर साहेबांनी विचारलं असतं, मग तू का थांबवला नाहीस?

"मला तरी नाही सांगितलं," मी म्हणालो.

साहेबांनी लिहून घेतलं. मिस्त्रीचं सर्टिफिकेट रद्द झालं. मॅनेजरला मालकांनी काढलं. तो परत मुंबईला गेला असं ऐकलं. बॉयलरला नवा पत्रा रिव्हेटनं बसला, नवा नळ आला, आणि मिस्त्रीच्या जागी मालकांनी मला ठेवलं. वडनेरला बातमी गेली की ह्यानं दोनशे बायांचा जीव वाचवला. वडील गाडी जुंपून भेटायला आले. सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्यांचं कौतुक घेतलं. सात वर्षांपासून तेच हवं होतं.

फक्त मावशीनं ती बातमी खरी मानली नाही. जिन पुन्हा सुरू झालं त्या सकाळी ती बॉयलरखान्याच्या दारात आली.

"तुले कधी समजलं होतं रे, नळ फुटेल आहे म्हणून?"

खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. "तू गरम पाण्याचं सांगितलं तवा."

तिनं बोटांवर हिशोब केला. "म्हणजे दुसऱ्या दिशी आम्ही अंदर बसलो, ते तुले मालूम असून?"

मी बेलचा उचलला, भट्टीचं दार उघडलं. ती वळून निघून गेली. त्यानंतर अकरा वर्षं मी तिथे काम केलं. ती मला कधी बापू म्हणाली नाही, भाऊही म्हणाली नाही. काम असलं तर "ओ मिस्त्री" म्हणायची.

तो मिस्त्री एकदा मला दिसला. मी सिंदखेडराजाकडे जात होतो. दुसरबीडला मोटार पाण्यासाठी थांबली. रस्त्याच्या कडेला एका छपरात तेलाचं इंजिन लावून कोणी पिठाची गिरणी चालवत होतं. बाया डोक्यावर दळणाच्या पाट्या घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि पिठानं पांढरा झालेला तो इंजिनाकडे कान लावून उभा होता. मी मोटारीतून उतरलो, चार पावलं गेलोही. साहेबांपुढे न बोललेलं ते एक वाक्य अजून माझ्याकडे होतं, त्यानं त्याचं भलं झालं असतं, आणि इन्स्पेक्टरसाहेब तेव्हा अजून नोकरीत होते.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी परत येऊन माझ्या जागेवर बसलो. ते उत्तर वाचताना मॅनेजरचं तोंड कसं झालं होतं ते आठवायचा प्रयत्न केला, आणि त्या दिवशी ते मला आठवेना.